तर्रीवाल्या मटणासोबत रेड वाइन? जमतं की, पण असं

कुणीतरी नाशिकहून येताना रेड वाइनची बाटली आणतं, घरात काळ्या तिखटातलं मटण शिजायलेलं असतं, आणि मग सगळे म्हणतात चला आज हे ट्राय करू. पहिला घास, पहिला घोट, आणि सगळ्यांची तोंडं वाकडी. कडू लागायलंय, तोंड आणखीनच पोळायलंय, ह्याच्यापेक्षा आपलं नेहमीचं बरं. मग ती बाटली फ्रिजच्या दारात पडून राहते आणि एक दिवस बेसिनमध्ये जाते.

बाटलीत दोष नसतो आणि मटणात तर नसतोच. दोघांना एकत्र कसं आणायचं हे कुणी सांगितलेलं नसतं. नेटवर जे सापडतं ते एकतर चीज आणि स्टेक खाणाऱ्यांसाठी असतं, नाहीतर इंडियन फूड म्हणजे बटर चिकन असं धरून लिहिलेलं असतं. बीड-धाराशिवकडचं तिखट त्या लोकांनी खाल्लेलंच नसतं. म्हणून हे आपल्या ताटासाठी, अगदी पहिल्यांदा बाटली हातात घेणाऱ्यासाठी. महाराष्ट्रात वाइनसाठी वय २१ पूर्ण पाहिजे, परवाना लागतो, पिऊन गाडी चालवायची नाही. हे एकदाच सांगतो, परत सांगणार नाही.

आधी भांडण कशाचं ते बघा

मिरचीतलं जे कॅप्सेसिन असतं ते म्हणजे खरं तर चव नाही. तोंडात ज्या नसा गरम ओळखायचं काम करतात त्यांना ते चाळवतं. ह्या नसा साधारण ४२ अंशाच्या पुढं काही गेलं की मेंदूला कळवतात की भाजलं. मिरची लागली की काही गरम नसतानाही त्या बोंबलायला लागतात. आता अल्कोहोलही त्याच नसांवर काम करतं, त्यांची ती ४२ ची रेघ ओढून खाली ३४ च्या आसपास आणतं, आणि आपल्या अंगाचंच तापमान ३७. म्हणजे ठेचा खाऊन वर कडक दारू घेतली तर जाळ दुप्पट का होतो हे कळलं असेल. ज्यांना वाटतं की तिखट लागलं की एक घोट मारला की बरं वाटतं, त्यांनी पुढच्या वेळेस नीट लक्ष देऊन बघा, एखादा सेकंद बरं वाटतं आणि मग जास्त पेटतं.

दुसरी भानगड टॅनिनची. हा द्राक्षाच्या सालीतून, बियांतून आणि लाकडी पिंपातून येणारा तुरटपणा, कच्चं जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी ओढली जाते तसा. व्हाइट वाइन करताना साल लवकर बाजूला काढतात म्हणून तिच्यात हा फार नसतो, रेड मात्र सालीसकटच आंबवतात, रंग तिथूनच येतो. हा तुरटपणा लाळेतल्या प्रथिनांना धरतो आणि तोंड कोरडं करतो, आणि कोरड्या तोंडाला तिखट जास्त झोंबतं.

म्हणजे शत्रू तीन झाले. जास्त अल्कोहोल, जास्त टॅनिन, आणि तिसरं आपल्याकडचं खास, उकाड्यात तापलेली बाटली. ह्या तिघांना आवरलं की अर्धं काम झालं.

आणि मित्र कोण? तूप, तेल, लोणी, मांस आणि मीठ. हे टॅनिनला मऊ करतात. साखर-गूळ मात्र ह्यात नाही, पदार्थ गोड असला की कोरडी, म्हणजे गोड नसलेली, रेड वाइन आंबट-कडू लागते, त्यामुळं गुलाबजामसोबत उरलेला ग्लास संपवायला जाऊ नका.

पायरी पहिली: ताट ओळखा

आपण सरसकट 'तिखट' म्हणतो पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात, एक मिरचीचा जाळ आणि दुसरा मसाल्याचा वास. ठेच्यात नुसता जाळ. काळ्या तिखटात जाळ पण आहे आणि वास पण, त्यात भाजलेलं खोबरं असतं, तीळ, धने, दगडफूल, लवंग, मिरे, तमालपत्र. येसराच्या आमटीत तर जाळ कमीच, भाजलेल्या धान्याचा आणि डाळीचा खमंगपणा जास्त. रेड वाइनचं जाळाशी कधीच पटत नाही, भाजक्या मसाल्याशी मात्र लई चांगलं पटतं. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे की बाटली मसाला बघून निवडा, जाळ स्वयंपाकघरातच कमी करा. लोक उलटं करतात, जाळाला पुरून उरेल अशी दणकट वाइन शोधतात, आणि जितकी दणकट तितकं तोंड पोळतं.

एक उदाहरण देतो. शिराझ नावाच्या द्राक्षाच्या वाइनला काळ्या मिऱ्याचा वास येतो. कल्पनेतला नाही, खरोखरचा. रोटंडोन नावाचं एकच द्रव्य मिऱ्यातही आहे आणि शिराझमध्येही, ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये ते शोधून काढलं. त्याच लोकांना असंही दिसलं की पाचातल्या साधारण एकाला हा वास येतच नाही, पाण्यातसुद्धा नाही. त्यामुळं घरात चौघांना मिऱ्याचा वास येतोय आणि तुम्हाला नाही, तर नाक बिघडलं असं समजू नका. पण ज्यांना येतो त्यांच्यासाठी काळं तिखट आणि शिराझ ही जोडी जमलेलीच आहे.

पायरी दुसरी: दुकानात

२०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचं सरकारनं ठरवलं होतं, त्यावर लई गदारोळ झाला आणि ते तसंच राहिलं, त्यामुळं अजून आपल्याला वाइन शॉपमध्येच जावं लागतं. जालना, लातूर, नांदेड कुठंही जा, बहुतेक दुकानांत वाइनचं कपाट एका कोपऱ्यात असतं आणि काउंटरवरच्या माणसाला बिअरचे सगळे ब्रँड पाठ असले तरी रेडबद्दल तो म्हणतो 'ही चालते बघा'. त्यामुळं लेबल स्वतः वाचायचं.

लेबलवर तीन गोष्टी बघा. पहिली द्राक्षाची जात. दुसरी अल्कोहोलची टक्केवारी, १२ ते १३ असेल तर बरं, १४ च्या पुढची आपल्या जेवणाला नको. तिसरं वर्ष. साधी रेड वाइन ठेवून ठेवून चांगली होत नाही, दोन-तीन वर्षांच्या आतली घ्या. आणि 'रिझर्व्ह' लिहिलं असेल तर ती सहसा लाकडी पिंपात ठेवलेली असते, महाग असते, लाकडाचा तुरटपणा जास्त असतो. पाहुण्यांवर छाप पाडायला लोक तीच उचलतात. झणझणीत मटणासोबत ती वाया जाते, ती एखाद्या कमी तिखट जेवणासाठी राखून ठेवा.

जातींचं थोडक्यात असं. कॅबर्ने सोव्हिन्यो सगळ्यात तुरट, नवीन माणसानं तिखटासोबत एकटी कॅबर्ने टाळावी. मर्लो मऊ. शिराझ मधली, मसालेदार. झिनफँडेल फळासारखी, रसाळ, तिखटाला बऱ्यापैकी सांभाळून घेते, फक्त टक्केवारी बघून घ्या. सांजोव्हेजे ही इटलीतली जात, आंबटसर, तिचं पुढं काम आहे. पिनो न्वार आणि गामे ह्या सगळ्यात हलक्या, तिखटाला खरं तर ह्याच सगळ्यात चांगल्या, पण आपल्या जिल्ह्याच्या दुकानात त्या दिसतीलच असं नाही, पुण्या-मुंबईहून कुणी येत असेल तर सांगून ठेवा.

भारतात बनलेल्यांत सुरुवात करायला सुलाची शिराझ-कॅबर्ने किंवा झिनफँडेल मिळायला सोपी, नाशिकची. सुलाची पहिली द्राक्षं १९९७ ची, म्हणजे आपल्याकडं ह्या धंद्याला तसा फार काळ झालेला नाही, राज्याचं वाइन धोरणही २००१ चं. फ्रातेल्ली ही अकलूजची, म्हणजे सोलापूर जिल्हा, आपल्या धाराशिवला लागूनच. इटलीतल्या भावांनी आणि इथल्या मंडळींनी मिळून केलेली, सांजोव्हेजे त्यांच्याकडं मिळते. ग्रोव्हर झाम्पा बंगळुरूजवळच्या नंदी हिल्सची, त्यांची ला रिझर्व्ह कॅबर्ने आणि शिराझची, पिंपातली, वर सांगितलं तसं ती राखून ठेवायची बाटली. पहिल्याच वेळेस पूर्ण बाटली घेऊ नका, ३७५ मिलीची अर्धी मिळाली तर ती घ्या.

गोव्याकडची गोड पोर्ट वाइन लोक हसण्यावारी नेतात. मी नाही नेत. गोडवा तिखटाला शांत करतो, आणि बर्फासारखी गार करून छोट्या ग्लासात घेतली तर खाऱ्या-तिखट शेंगदाण्यांसोबत ती कुठल्याही महागड्या कॅबर्नेपेक्षा बरी लागते. एक ग्लास मात्र, गोड असल्यामुळं किती झाली ते कळत नाही.

एप्रिल-मेमध्ये घेताना एक काळजी. दुकानाच्या काचेत उन्हात मांडलेली बाटली नको, आतल्या रॅकमधली मागा. कॉर्क वर आलेला किंवा तोंडाशी चिकट ओघळ दिसला तर बाटली तापून खराब झालेली असायची शक्यता असते. फिरकीचं झाकण असेल तर चांगलंच, ओपनर शोधत बसायला नको, आणि फिरकीचं झाकण म्हणजे हलकी वाइन असं काही नसतं.

पायरी तिसरी: थंड करा, कुणी काहीही म्हणो

रेड वाइन थंड करायची नसते हे वाक्य प्रत्येक जाणकार सांगतो. ते जिथून आलं तिथल्या घरात खोलीचं तापमान १६ ते १८ अंश असायचं. परभणीत मे महिन्यात खोलीचं तापमान किती असतं ते तुम्हाला माहीत आहे. ३५ अंशाची रेड वाइन म्हणजे नुसता अल्कोहोलचा भपकारा, फळाचा वास बाजूलाच राहतो, आणि वर मिरची.

बाटली फ्रिजमध्ये अर्धा-पाऊण तास ठेवा, उन्हाळ्यात तासभर. १४-१५ अंशापर्यंत आली पाहिजे. थर्मामीटर काढू नका, बाटली हातात धरल्यावर गार लागली पण हात आखडला नाही म्हणजे बरोबर. फार गार केली तर टॅनिन उलट जास्त कडवट लागतं, म्हणून रात्रभर फ्रिजमध्ये राहिली असेल तर पंधरा-वीस मिनिटं आधी बाहेर काढा. ग्लासात थोडीच ओता, उरलेली परत आत, नाहीतर अर्ध्या तासात कोमट.

घाई असेल तर बादलीत पाणी, बर्फ आणि मूठभर मीठ टाकून बाटली बुडवा, दहा-पंधरा मिनिटांत काम होतं. आणि लाइट गेलेली असेल, जी जातेच, तर ओलं फडकं बाटलीला गुंडाळून पंख्याविना वाऱ्याच्या झोतात खिडकीत ठेवा, आपल्याकडच्या कोरड्या हवेत फडकं वाळता वाळता बाटली बऱ्यापैकी उतरते. पावसाळ्यात हे चालत नाही, हवेतच ओल असते. बाटली साठवायची असेल तर पत्र्याच्या खोलीत किंवा माळ्यावर नको, फ्रिजच्या वर तर नकोच, तिथं सतत गरम असतं. कपाटात खालच्या कप्प्यात, अंधारात.

पायरी चौथी: ठेच्याची चाचणी

बाटली उघडल्यावर लगेच जेवायला बसू नका, दहा मिनिटं हे करा. एका ताटलीत ज्वारीच्या भाकरीचे चार तुकडे. पहिला नुसता, दुसऱ्यावर हरभऱ्याएवढा ठेचा, तिसऱ्यावर तेवढाच ठेचा पण लोण्यात कालवलेला, चौथ्यावर सुक्या मटणाचा तुकडा मसाल्यासकट. प्रत्येकानंतर एक छोटा घोट, आणि घोट गिळायच्या आधी तोंडात फिरवायचा.

कोऱ्या भाकरीवर वाइन नुसती आंबट-तुरट लागेल, ठीक आहे. ठेच्यावर घोट घेतलात की जिभेच्या टोकावर चटका बसेल आणि वाइनचं फळबीळ काहीच कळणार नाही. लोण्यातल्या ठेच्यावर तीच वाइन एकदम मऊ, तिखट आहे पण चटका नाही, आणि मागून द्राक्षाची चव येते. हाच फरक समजून घ्यायचा आहे, मिरची तेवढीच होती, वाइन तीच होती, मधे फक्त लोणी आलं. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, चरबीत विरघळतं, आणि लोणी-दुधातलं प्रथिनही त्याला धरून नेतं. मटणाच्या तुकड्यावर तर मसाल्याचा वास नाकात चढतो आणि वाइन त्याच्या मागं मागं येते. एवढं एकदा कळलं की पुढच्या सगळ्या जोड्या तुमच्या तुम्हीच लावू शकता, माझ्या लेखाची गरज नाही.

पायरी पाचवी: स्वयंपाकात थोडी ढवळाढवळ

वाइनच्या दिवशी मटण वेगळं करायचं नाही, थोडं वळवायचं. लवंगी मिरची निम्मी करा, रंग ब्याडगीचा घ्या. काळं तिखट तेवढंच राहू द्या, त्यातला वास हवाच आहे. खोबरं नेहमीपेक्षा एक तुकडा जास्त भाजा. वरून चमचाभर तूप.

इथं एक गोष्ट पुस्तकात सापडत नाही. तिकडं मटणासोबत कॅबर्ने असं सर्रास सांगतात, पण ते मेंढीच्या कोवळ्या चरबीवाल्या मटणाबद्दल, आणि ते भाजलेलं. आपल्याकडं धाराशिव-लातूरची उस्मानाबादी शेळी, काळी, काटक, मांस चविष्ट पण चरबी बेताची, आणि ते आपण रश्श्यात शिजवतो. कॅबर्नेच्या टॅनिनला धरायला त्यात चरबीच पुरत नाही. म्हणून मर्लो किंवा शिराझ, नाहीतर खाटकाला सांगून थोडी चरबी आणि चॉप घ्यायची.

कच्चा कांदा आणि लिंबू हे आपल्याला ताटात लागतंच, पण कच्च्या कांद्याचा वास तोंडात राहिला की वाइनचं काही कळत नाही. कांदा तव्यावर परतून घ्या, किंवा पाण्यात मीठ टाकून भिजवून. लिंबू पिळायचंच असेल तर शेवटच्या रश्श्यावर पिळा.

पायरी सहावी: बसायची पद्धत बदला

माझ्या मते खरी अडचण इथं आहे. आपल्याकडं आधी बसायचं आणि मग जेवायचं, रात्री अकराला भाकरी हातात. व्हिस्कीला ते चालतं, चकण्यावर भागतं. रेड वाइन रिकाम्या तोंडानं प्यायची चीज नाही, तिला घास लागतो, आणि तो घास चरबीचा, मिठाचा, मसाल्याचा पाहिजे. त्यामुळं वाइनच्या दिवशी जेवण आधी काढायचं, पण सगळं एकदम नाही.

आधी सुकं. सुकं मटण, खिमा, कलेजी मिठा-मिऱ्यावर परतलेली, तळलेले मसाला शेंगदाणे. ह्यासोबत ग्लास. सावकाश, एक ग्लास तासभर. मग रस्सा-भाकरी आली की ग्लास बाजूला ठेवा. हे अनेकांना पटत नाही, पण तर्रीत भाकरी चुरून, ओरपून खायचं जे सुख आहे त्यात मधे वाइन आणण्यात काही अर्थ नाही, तर्री म्हणजे मिरचीचं तेलच, ती घशाशी गेल्यावर कुठलीही रेड हरते. रस्सा हा पाण्यासोबत आणि घाम पुसत खायचा.

मोजमापाचं सांगतो, कारण नवीन माणूस इथं चुकतो. ७५० मिलीच्या बाटलीत १५० चे पाच ग्लास. १३ टक्क्यांच्या एका ग्लासात साधारण २० मिली अल्कोहोल, आणि ३० मिलीच्या व्हिस्कीच्या पेगमध्ये साधारण १३. म्हणजे एक ग्लास हा दीड छोट्या पेगएवढा झाला, सरबत नाही. स्टीलचा मोठा ग्लास काठोकाठ भरून 'वाइनच तर आहे' म्हणणाऱ्यांसाठी हे. काचेचा, तोंडाला थोडा निमुळता असलेला ग्लास घ्या आणि एक तृतीयांशच भरा, वास वरच्या मोकळ्या जागेत जमतो. दर घोटामागं पाणी. ज्यांना ॲसिडिटीचा त्रास आहे त्यांनी तिखट आणि रेड एकत्र करूच नये, हे मनावर घ्या, रात्री दोन वाजता कळतं.

आपल्या ताटातलं काय कशाशी

भरली वांगी, शेंगदाणा-तिळाच्या कुटातली, तेल सुटलेली: मर्लो. शाकाहारी घरात रेड वाइनची सुरुवात करायची तर हीच भाजी, कुटातलं तेल टॅनिनला नीट धरतं. चुलीवरच्या निखाऱ्यात भाजलेल्या वांग्याचं भरीत, वर कच्चं तेल: शिराझ, धुराचा वास दोघांकडं आहे. येसराची आमटी: हलकी काहीही, पिनो न्वार मिळाली तर नशीब. अंबाडीची भाजी आंबट, तिच्यासमोर मर्लो मिळमिळीत पडते, तिथं सांजोव्हेजे, आंबटाला आंबट, वर लसणाची फोडणी सढळ. धपाटे, दही आणि ठेचा: दह्यासोबत रेड कशीतरीच लागते, लोणी घेऊन बघा, नाहीतर त्या दिवशी ताक प्या, ताकासारखं धपाट्याला दुसरं काही नाही.

संभाजीनगरचा नान खलिया ह्याच्यात वेगळा पडतो. तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला आणली तेव्हाच्या लष्करी भटारखान्यातून हा आला असं सांगतात. मटण मऊ, रस्सा मसालेदार, पण जाळ आपल्या गावरान रश्श्यापेक्षा कमी, आणि नान किंचित गोडूस. इथं शिराझ-कॅबर्ने चालते, ती राखून ठेवलेली बाटलीही इथं काढा. फक्त ज्या हॉटेलात तो चांगला मिळतो तिथं बाटली काढायची नाही, तिथल्या लोकांचा मान ठेवा, पार्सल घरी आणा. नांदेडकडची हैदराबादी वळणाची बिर्याणीही तशीच, तळलेला कांदा आणि पुदिना, मर्लो बरी.

जायकवाडीचा रोहू-कटला तळून केला असेल तर रेडचा नाद सोडा. वाइनमधलं लोह माशाच्या तेलाशी मिळालं की तोंडात कुबट, धातूसारखी चव राहते, आणि लोह बहुतेक रेडमध्ये जास्त असतं. रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, घ्या किंवा व्हाइट. रोझेचं खरं तर बाकीच्या तिखटाशीही चांगलं जमतं, थंडगार, टॅनिन जवळपास नाहीच, ज्याला रेड झेपत नाही त्यानं लाज न धरता तिथूनच सुरुवात करावी.

हुरडा पार्टीला वाइन नेणारे वाढलेत. डिसेंबर-जानेवारीत शेतात गारठा असतो, बाटली आपोआप बरोबर तापमानाला, फ्रिजची भानगड नाही. हुरड्यासोबत लसणाची किंवा शेंगदाण्याची चटणी असते, शेंगदाण्याची घ्या, तिच्यात तेल आहे. गुळासोबत हुरडा खाताना घोट घेऊ नका. आणि आगटीजवळ बाटली ठेवू नका, बाकी काही नियम नाहीत.

उरली तर

झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये उभी ठेवली तर दोन-तीन दिवस चांगली राहते, नंतर आंबूस होत जाते. टाकून द्यायच्या आधी मटणात वापरा, पण कधी टाकायची ते महत्त्वाचं. कांदा-खोबऱ्याचं वाटण परतून तेल सुटलं, मटण त्यात चांगलं खरपूस झालं, की गरम पाणी घालायच्या आधी अर्धी वाटी वाइन ओता आणि झाकण न ठेवता मोठ्या आचेवर आटू द्या, आंबट भपकारा जाईपर्यंत, तीन-चार मिनिटं. मग पाणी आणि काळं तिखट. रस्सा उकळल्यावर वरून ओतलीत तर कच्चा वास शेवटपर्यंत राहतो आणि घरातली म्हातारी माणसं पहिल्या घासालाच विचारतात की ह्यात काय टाकलंय.